कुंडी, ग्रो बॅग की विटांचा वाफा? फेब्रुवारीत घरी भाजी लावताना

थंडी ओसरली की भेंडी, गवार, काकडी, दोडकी लावायला घ्यावीत. भेंडीचं बी गार मातीत कुजतं, म्हणून त्याआधी घाई नको. मात्र ही झाडं कशात लावायची हे फेब्रुवारीच्या उन्हावर ठरवू नका. या दिवसांत कशातही लावलं तरी रोप तरारून येतं. खरी कसोटी एप्रिलात, झाड फळावर असताना लागते.

मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरून उडतं, त्यामुळे मुळं गार राहतात. पण याच गुणापायी १२ इंची कुंडी एप्रिलात दिवसातून दोनदा पाणी मागते. एक वेळ चुकली की माती आक्रसते, कडेपासून सुटते आणि नखभर फट पडते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकाने बाहेर येतं. पाणी निघालं म्हणजे कुंडी भिजली असं वाटतं, मधला गोळा मात्र कोरडाच असतो आणि झाड दुपारी मान टाकतं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवली तरच आतून भिजते. मिरची, पुदिन्याला कुंडी छान. भेंडीला नको.

गच्चीवर, आणि भाड्याच्या घरात तर नक्कीच, ग्रो बॅग, म्हणजे माती भरून झाड लावायची जाड पिशवी, घ्यावी. १५ बाय १५ इंचांची घ्या. १२ इंची स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात तिची गत कुंडीसारखीच होते. वरचे दोन इंच मोकळे सोडले तर मोठ्या बॅगेत साधारण ३५ लिटर मिश्रण बसतं: माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग, वर मूठभर नीमपेंड. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. शेणखत कच्चं असेल तर ते बॅगेत तापतं आणि कोवळी मुळं जळतात. एका बॅगेत भेंडीची दोनच झाडं. चौघांच्या भाजीसाठी दहा-बारा झाडं, म्हणजे सहा बॅगा धराव्यात. बॅग थेट फरशीवर टेकवली तर भोकं बुजतात, पाणी तुंबतं, मुळं सडतात. खाली दोन विटा ठेवा.

विटांच्या वाफ्यात भाजी सर्वांत जोमदार येते, पाणीही कमी लागतं. पालापाचोळ्याचं तीन इंच आच्छादन घातलं तर एप्रिलातही बऱ्याचदा दिवसाआड भागतं. फक्त वाळवी असेल तिथे ते खोडापासून चार बोटं दूर ठेवा. मांडवावर चढणारा दुधी लावायचा तर वाफाच हवा.

पण तो जमिनीवर. जाण्या-येण्याच्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरलेला आहे. फूटभर खोल ओली माती तेवढ्याच जागेत ३०० किलोंच्या पुढे जाते, विटांचं वजन वेगळं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय गच्चीवर वाफा बांधू नका. भरलेल्या ग्रो बॅगाही मधोमध एका जागी न मांडता कठड्यालगत, तुळईच्या रेषेत, अंतर राखून ठेवा.

कोथिंबिरीला यातलं काहीच लागत नाही. सहा इंच खोल ट्रे पुरतो. धने रगडून दोन फाकी करा आणि मार्च उजाडायच्या आत पेरा; त्यानंतर ती पानांऐवजी फुलावर जाते.