पीएस५, एक्सबॉक्स की स्विच: सेव्हचा बॅकअप कुठे नीट घेता येतो?

कन्सोल घेताना लोक ग्राफिक्स बघतात, एक्सक्लुझिव्ह गेम कुठले ते बघतात, किंमत तर बघतातच, पण उद्या कन्सोल बंद पडला तर माझ्या सेव्हचं, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलो ते साठवणाऱ्या फाइलचं काय, हे फार कमी जण विचारतात. गेम उडाला तर परत डाउनलोड होतो नाहीतर डिस्कवरून टाकता येतो, ऐंशी तास खेळून वाढवलेलं कॅरेक्टर परत कुठून आणणार? आणि ह्या बाबतीत सोनी (प्लेस्टेशन, म्हणजे पीएस), मायक्रोसॉफ्ट (एक्सबॉक्स) आणि निन्टेन्डो (स्विच) ह्या तिन्ही कंपन्यांचे नियम एवढे वेगळे आहेत की पैसे भरायच्या आधीच माहीत असलेले बरे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बाहेरची हार्ड डिस्क लावली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. पीएस५ ला यूएसबी ड्राइव्ह लावा नाहीतर आत एम.२ एसएसडी टाका, तिथे फक्त गेम जातात, सेव्ह कन्सोलच्या स्वतःच्या मेमरीतच राहतात. स्विचचंही तेच, मायक्रोएसडी कार्डवर गेम बसतो पण सेव्ह आतच, म्हणजे आतला मदरबोर्ड गेला की ते कार्ड हातात असून काही उपयोग नाही.

सगळ्यात चांगली सोय खरं तर जुन्या पीएस४ वर आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्हड डेटा मॅनेजमेंट, मग सिस्टम स्टोरेज, मग कॉपी टू यूएसबी, गेम निवडला की झालं. पेनड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटचा हवा, एनटीएफएस फॉरमॅट चालत नाही. तो पेनड्राइव्ह पीसीला लावला की पीएस४ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात सेव्हडेटा, तो अख्खा उचलायचा आणि तारीख टाकून पीसीवर ठेवून द्यायचा. असे महिन्यामहिन्याचे चार फोल्डर असले की एखादा सेव्ह करप्ट झाला तरी मागच्या महिन्याचा असतोच. सेव्ह आपल्या अकाउंटला बांधलेला असतो, दुसऱ्याच्या अकाउंटवर चालत नाही, पण आपल्याला तेवढं पुरतं.

पीएस५ वर सोनीने नेमकं हेच काढून टाकलं आणि मला ते अजिबात पटलेलं नाही. पीएस४ चे गेम पीएस५ वर खेळत असाल तर त्यांचे सेव्ह यूएसबीवर जातात, पण पीएस५ च्या गेमचा एकेक सेव्ह कॉपी करता येत नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक म्हणजे पीएस प्लस, म्हणजे सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप घ्या, त्यात पीएस५ च्या सेव्हसाठी १०० जीबी क्लाउड मिळतं, नुसतं क्लाउड हवं असेल तर इसेन्शियल प्लॅन पुरतो. दुसरा फुकटचा, यूएसबी ड्राइव्हवर पूर्ण कन्सोलचा बॅकअप, सेटिंग्जमध्ये सिस्टम, सिस्टम सॉफ्टवेअर, बॅकअप अँड रिस्टोअर. ह्यात गेम वगळता येतात म्हणून फार मोठी ड्राइव्ह लागत नाही. अडचण अशी की रिस्टोअर करताना आधी अख्खा कन्सोल पुसला जातो, त्यामुळे एक सेव्ह परत आणायला हा मार्ग कामाचा नाही, पूर्ण कन्सोल गेला तरच कामाचा. ट्रॉफी, म्हणजे गेममध्ये मिळवलेली बक्षिसं, ह्या बॅकअपमध्ये येत नाहीत, त्या आधी ऑनलाइन सिंक करून घ्या.

एक्सबॉक्सवाल्यांचं सोपं आहे. एक्सबॉक्स वन आणि सीरिज एक्स, एस वर क्लाउड सेव्ह फुकट, गेम पास ही मायक्रोसॉफ्टची पैसे भरायची मेंबरशिप नसली तरी चालतं, आपोआप वर जातात, नवीन कन्सोल आणला आणि लॉगिन केलं की सगळं हजर. ज्यांना सेटिंग्जमध्ये शिरायचा कंटाळा आहे त्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. मात्र यूएसबीवर सेव्ह काढायची सोयच नाही, आणि क्लाउड म्हणजे आत्ता कन्सोलवर जे आहे त्याचीच नक्कल, सेव्ह होता होता लाइट गेली आणि फाइल खराब झाली तर ती खराब फाइलच वर जाऊ शकते. पीएस प्लसच्या ऑटो सिंकचंही तसंच आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावांत लाइटचा भरवसा नसतो, तिथे छोटा यूपीएस घेतलेला चांगला. ऑफलाइन खेळून परत नेट लावल्यावर एक्सबॉक्स कधी कधी विचारतो की कन्सोलवरचा सेव्ह ठेवू की क्लाउडवरचा, तिथे घाईत बटण दाबू नका, तारीख आणि वेळ बघा. डिलीट करतानाही सगळीकडून की फक्त कन्सोलवरून हे नीट वाचा.

स्विच ह्यात सगळ्यात मागे. यूएसबी नाही, क्लाउडसाठी स्विच ऑनलाइन मेंबरशिपचे पैसे भरा, आणि पैसे भरूनही स्प्लॅटून २, पोकेमॉन स्वॉर्ड आणि शील्ड अशा गेमना क्लाउड सेव्ह नाहीच. ॲनिमल क्रॉसिंगला बेटाच्या बॅकअपची वेगळी सोय आहे, ती चालू करून ठेवा. मेंबरशिप संपली तर क्लाउडवरचा डेटा १८० दिवसच राखतात. एका स्विचवरून दुसऱ्यावर सेव्ह ट्रान्सफर होतो, पण तो हलतो, पहिल्यावर राहत नाही. भारतात बहुतेक जण स्विच ग्रे मार्केटमधूनच, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रीबाहेरून आणलेला घेतात, म्हणजे बिघडला तर रिपेअरचंही आपलं आपणच बघायचं. गेम आवडतात म्हणून घ्या, पण मेंबरशिपचा खर्च पहिल्या दिवसापासून धरून चाला.

पीएस५ च घ्यायचं नक्की असेल तर माझं मत, रोजच्यासाठी प्लसचं क्लाउड आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा यूएसबीवर पूर्ण बॅकअप, दोन्ही. प्लस परवडत नसेल तर यूएसबीचा बॅकअप महिन्याला घ्या. आणि कन्सोल कुठलाही असो, रिपेअरला द्यायच्या आधी सुरू होत असेल तर त्याच दिवशी बॅकअप घ्या, कारण रिपेअरमध्ये कन्सोल रिसेट होऊन येणं अगदी नेहमीचं आहे.