अठराशे रुपयांचा फोनो प्रीअँप: सुधारणा करून सात महिन्यांनी

वडिलांच्या एलपी माळ्यावरून खाली आल्या आणि टर्नटेबलातच बजेट संपलं. म्हणून फोनो प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलाचा बारीक सिग्नल अँप्लिफायरकडे जाण्याआधी वाढवणारं उपकरण, बिननावाचा, १,८०० रुपयांचा घेतला. तानपुऱ्यामागे सतत बारीक चर्र आणि गायिका डावीकडे सरकलेली. घरात बहुतेक रेकॉर्डी जयपूर-अत्रौली घराण्याच्या. अल्लादियाखाँसाहेब इथे शाहू महाराजांच्या दरबारी होते, त्यामुळे कोल्हापूरकराला हे गाणं घरचंच. त्यातली पेचदार तान गढूळ ऐकू आली की चैन पडायचं नाही.

मी आधी आयसीच (सिग्नल वाढवणारी चिप) बदलायला निघालो होतो. राजारामपुरीत अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक काका आहेत. ते म्हणाले, "आयसीला मागनं हात लाव की. आधी तो अडॅप्टर काढून बघ." १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारा), १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर), एवढा सप्लाय फ्यूजसकट वेगळ्या डब्यात बसवला. चर्र त्याच संध्याकाळी गेली. कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसते त्या भागातून, जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट येतात, प्रीअँप ते शंभरपट करतो. सप्लायमधली जरा घाणही तिथे ऐकू येते. डबा मात्र दीड फूट लांब ठेवा, जवळ आणला की हम (घुमणारा आवाज) येतो.

डावीकडे सरकण्याचं कारण मीटरने दाखवलं. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर उचलतात, वाजवताना ते उलटं करावं लागतं: २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला जवळपास तितकंच खाली. हे काम ज्या सिरॅमिक कंडेन्सरांवर होतं, ते दोन्ही चॅनेलना ३.३ नॅनोफॅरडचे छापलेले. मोजल्यावर एक ३.१, दुसरा ३.७. पॉलिप्रॉपिलीनचे दहा घेतले, मोजून जोडी लावली. आता आवाज बरोबर मधोमध येतो, आणि मला सगळ्यात जास्त आनंद याच बदलाने दिला.

चूकही झाली. आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक काढून हातात होता तो ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर लावला. डग्गा पोकळ वाजायला लागला. अँप्लिफायरचा इनपुट २२ किलोओहम, म्हणजे ७२ हर्ट्झपासूनच खालचं गळायला लागणार, हे गणित आधी करायला हवं होतं. २.२ मायक्रोफॅरडचा टाकला, घुमारा परत आला. या काढाघालीत पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) एक पॅड, म्हणजे सोल्डर करायची तांब्याची जागा, उखडला, तिथे तार ओढावी लागली. डिसोल्डरिंग पंप नसेल तर या फंदात पडू नका.

४५५८ या मूळ आयसीच्या जागी ५५३२ हा आयसी सगळ्यात शेवटी बसवला, सॉकेट लावून, सप्लायच्या पायांवर ०.१ चा सिरॅमिक जोडून. दोन गाण्यांमधली सूं सूं थोडी कमी झाली, बाकी विशेष नाही.

सात महिन्यांत, सगळा पावसाळा धरून, एकदाही बिघडला नाही. सुट्या भागांना साधारण ९०० रुपये लागले. वरचा षड्ज अजून किंचित टोचतो. माझ्या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड लागतात आणि प्रीअँपच्या आतच २२० चा कंडेन्सर आहे, केबलचे वेगळे; त्यामुळेच टोचत असावा. तो काढून ४७ चा टाकायचाय. भाग आणून ठेवलाय, रविवारी सोल्डरिंग गन तापवतो.