सिरॅमिक सन फिल्म, उन्हाळा-पावसाळा काढल्यावर: फिल्म पास, बसवणारे नापास

मार्चमध्ये व्हॅगनआरच्या चारी दारांच्या काचांना सिरॅमिक फिल्म बसवली. आता दसरा उलटला, म्हणजे उन्हाळा झाला, बेळगावचा पावसाळा झाला, काचा हजारदा खालीवर करून झाल्या. फिल्म यूव्ही किती अडवते, आयआर (उन्हातली उष्णता) किती अडवते ते आकडे सगळ्यांना पाठ असतात, त्यात पडत नाही. उन्हाचं सांगायचं तर फरक आहे. उद्यमबागला (बेळगावचा कारखान्यांचा भाग) दुपारी गाडीत बसलं की स्टेअरिंग अजून चटका देतंच, तासन्‌तास उन्हात उभ्या गाडीला फिल्म तरी काय करणार. खरं गाडी चालू असताना उजव्या हातावर जे ऊन भाजायचं ते थांबलं आणि एसी एक नंबरवर पुरतोय. एवढं लिहून संपलं असतं, खरं ड्रायव्हर साइडच्या काचेत एक ठिपका आहे.

एक मिलिमीटरही नसेल. खरं बसलाय कुठं, तर बरोबर उजव्या आरशाच्या लायनीत. आरशात बघायला नजर वळवली की तो मध्ये येतो आणि क्षणभर वाटतंय मागनं कोण टू-व्हीलरवाला घुसालाय. रात्री खानापूर रोडला मागच्या गाडीचा लाइट आरशातून आला की ठिपक्याभोवती फिल्म जेवढी उचललेली आहे तेवढा सगळा गोल चमकतो. बायकोला दाखवला तर म्हणाली कुठं हाय. बोट ठेवून दाखवला तर म्हणाली, "ह्याच्यासाठी एवढं?" साडेचार हजार रुपये मोजलेत, होय, ह्याच्यासाठीच एवढं.

फिल्म फिकी का घेतली ते पण सांगून टाकतो. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातली ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिक फिल्म लावलेलं ग्लेझिंग (काच) चालतं, अट जुनीच, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं पण नियमात बसणारी फिल्म चालते असंच सांगितलं. खरं दुकानात गणित कुणी सांगत नाही. हे टक्के काच आणि फिल्म दोन्ही धरून असतात. कंपनीची काचच जर ७५ टक्के सोडत असेल तर त्यावर ७० ची (७० टक्के उजेड सोडणारी) फिल्म लावली की राहिले साडेबावन्न. ५० ची लावली की गेलात खाली. आणि आम्हा सीमाभागवाल्यांना निपाणी सोडून कोगनोळीच्या पुढं गेलं की पोलीस बदलतात, दोन राज्यांत दोनदा समजावत बसण्यापेक्षा ७० ची बरी.

तर ठिपका. बसवल्या दिवशीच दुकानातल्या पोराला दाखवला. "ओणगतैत्री सर, ओणगतैत्री." वाळेल म्हणे. हे अर्धंच खरं आहे. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात, थोडं पाणी आत राहतं, त्यानं धुरकट दिसतं, बारके फुगे येतात, आणि ते खरोखरच दोन-चार आठवड्यांत जातात, पावसाळी हवेत जास्त वेळ लागतो. खरं पाण्याचा फुगा अंगठ्यानं दाबला की दबतो, सरकतो. हा टणक. नखाला लागतो. घाण कशी वाळून जाणार?

मे महिन्यात परत गेलो तर मालक म्हणाला काचेतच आहे, कंपनीतनं आलेलं. मी म्हटलं फिल्म काढून बघू. तर म्हणाला वॉरंटी फिल्मची असते, धुळीची नसते. हे वाक्य त्यानं बोर्डावर लिहून लावायला पाहिजे, गिऱ्हाईक आधीच परत जाईल. इथंपर्यंत माझं मत होतं की फिल्मच बोगस आहे, रोलमधनंच खडा आला असणार, आणि चार जणांना तसं सांगितलंसुद्धा.

मत बदललं ते बेळगावातल्याच शहापुरातल्या एका जुन्या कारागिराकडं. मामांनी ठिपका बघितला आणि पहिलं काय विचारलं तर, "गाडी कुठं लावता?" उद्यमबाग म्हटल्यावर, "फौंड्री?" शेजारी आहे म्हटलं. "मग फिल्मला कशाला शिव्या घालालाय? हे लोखंड हाय."

त्यांनी भाजीची पातळ कॅरीबॅग हातात मोज्यासारखी घातली आणि मला काचेवर बाहेरनं हात फिरवायला सांगितला. नुसत्या बोटाला काच गुळगुळीत लागत होती हो, काल धुतलेली. पिशवीतनं हात फिरवला तर दोन दिवसांच्या दाढीवरनं फिरवावा तसं खरखर. शेजारच्या शेडमध्ये कास्टिंगचं फेटलिंग (ओतलेल्या लोखंडाच्या कडा घासणं) चालतंय, ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण, ते काचेवर येऊन चिकटून बसतात, मग पावसात गंजून तांबूस होतात. फडक्यानं नाही निघत, शाम्पूनं नाही निघत, काच साफ करायच्या स्प्रेनं तर नाहीच नाही. बाहेरनं काच भरलेली होती. आतनं मोजकेच होते, आम्ही उन्हाळ्यात डाव्या काचा खाली करून गाडी लावतो, तिकडनं आत आलेले. आणि फिल्म बसते आतनं, म्हणून आतला एक कण पुरतो.

मामांनी फिल्म गरम करून सोलली, काच साबणाच्या पाण्यानं भिजवली, आधी क्ले (चिकटलेली घाण ओढून घेणारी मऊ वडी) फिरवला आणि मग कोरं ब्लेड अगदी आडवं धरून एकाच दिशेनं ओढलं. मागंपुढं घासायचं नाही, निघालेला कण ब्लेडखाली सापडला की ओरखडा. ठिपक्यावर आल्यावर टिक आवाज आला. ब्लेडच्या धारेवर एक काळा कण. मी मोबाइल होल्डरचं मॅग्नेट जवळ नेलं तर पट्कन उडून चिकटला! इतके महिने ज्याला मी हवा, पाणी, रोलमधला खडा समजत होतो तो हा.

नंतर खालच्या बीडिंगच्या (काचेच्या कडेच्या पट्टीच्या) फेल्टमधली धूळ पाण्याच्या फवाऱ्यानं काढली, ती नाही काढली तर काच वर येताना सगळा कचरा ओल्या गोंदाला लागतो. डॅशबोर्ड चमकवायचं लिक्विड काचेवर उडालेलं असतंय, ते आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसलं, सिलिकॉनवर फिल्म धरत नाही. एका काचेची नुसती सफाई अर्धा तास चालली. पहिल्या दुकानात चारी काचा मिळून तासाभरात गाडी माझ्या हातात दिली होती आणि मी खूश होऊन चहाला दहा रुपये दिलेले.

मेव्हण्याची गाडी संकेश्वरला असते, तिथं रोग वेगळा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. ते क्षारांचे, नवे असतील तर व्हिनेगरनं जातात, जुने काचेत उतरलेले असतील तर सेरियम ऑक्साइडनं पॉलिश करावं लागतं. बाहेरचे डाग फिल्म लावल्यावर जास्त उठून दिसतात आणि लोक फिल्मला नावं ठेवतात.

आता माझ्या काचेचं. कण गेला, चमकणारा गोल गेला, खरं कण जिथं चिकटला होता तिथं टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहिलाय. तो पॉलिशनं जात नाही, मामांनी आधीच सांगितलं होतं. रात्री मला दिसतो. कमी दिसतो, खरं दिसतो.

मामांनी एका काचेचे सातशे घेतले, नवी फिल्म धरून. बाकीच्या तीन काचा तशाच ठेवल्यात, एकवीसशे कोण घालणार. मागच्या डाव्या काचेत दोन-तीन ठिपके आहेत ते माझ्या पोरानं कार्टूनचं स्टिकर लावून झाकलेत, न विचारता, सरळ फिल्मवर. ते गोंदासकट काढायचा उपाय कुणाकडं असेल तर सांगा, फिल्मवर ब्लेड चालत नाही आणि थिनर लावू नका म्हणून मामांनी दोनदा बजावलंय.