सॅनबॉर्नचे नकाशे: ब्रुकलिनची जुनी बेसबॉल मैदानं शोधायला किती कामाचे?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे जुने नकाशे ऑनलाइन, रंगीत आणि फुकट उपलब्ध करून दिले आहेत. एकोणिसाव्या शतकातली बेसबॉल मैदानं शोधणाऱ्यांसाठी आमचं मत असं: १८८० च्या दशकापासूनचे प्रेक्षकांचे लाकडी स्टँड शोधायचे असतील तर याला तोड नाही. त्याआधीच्या मैदानांसाठी इथं वेळ घालवू नका.

कंपनी सुरू झाली १८६७ साली. विल्यम कॅमायरने ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात युनियन ग्राउंड्स खुलं केलं ते मे १८६२ मध्ये, आणि कॅपिटोलाइन ग्राउंड्स आलं १८६४ मध्ये. या दोघांसाठी ड्रिप्सचा १८६९ चा नकाशा आणि ब्रॉमलीचा १८८० चा ॲटलास बघावा. तिथं ‘स्केटिंग पाँड’ अशी नोंद दिसली तर ती ओलांडून जाऊ नका. हिवाळ्यात दोन्ही मैदानांवर पाणी सोडून बर्फ धरवत आणि स्केटिंग चालवत.

सॅनबॉर्न वाचताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हा नकाशा विमा कंपनीसाठी आहे, म्हणून त्यात जळू शकेल ते काढलंय. स्टँड, तिकीटघर, शेड हे सगळं मिळेल. होम प्लेट (बॅटरची जागा) आणि बेस (धावताना गाठायचे टप्पे) मिळणार नाहीत. गवत जळून कुणाचा दावा येत नव्हता! मैदानाची जागा बहुतेक कोरीच असते, आणि नवखा माणूस तो भाग रिकामा प्लॉट समजून पुढं जातो. रंग बघा: पिवळा म्हणजे लाकूड, गुलाबी म्हणजे वीट, निळा म्हणजे दगड. कोऱ्या जागेच्या कोपऱ्यात काटकोनात वळलेली किंवा वक्र अशी पिवळी पट्टी दिसली की थांबायचं. मायक्रोफिल्मवरून केलेल्या काळ्या-पांढऱ्या प्रतींत हीच खूण हरवते, म्हणून रंगीत स्कॅनचं मोल मोठं.

संकेतस्थळाच्या शोधचौकटीवर भिस्त ठेवू नका, शीटवर (नकाशाच्या पानावर) छापलेला मजकूर तीत सापडत नाही. आधी शहर आणि वर्ष निवडा, मग खंडाच्या सुरुवातीचा सूचक नकाशा आणि रस्त्यांची यादी उघडा. नामवंत इमारतींची वेगळी यादी असते. तिथं ‘बेस’ आणि ‘बॉल’ असे दोन सुटे शब्द शोधा, त्या काळी तसंच लिहीत. मोठ्या शहराचे खंड वेगवेगळ्या वर्षांचे असतात, तेव्हा शेजारच्या दोन शीटमध्ये काही वर्षांचा फरक निघू शकतो. काही प्रतींवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. अशा शीटवर मूळ छपाईचं वर्ष ग्राह्य धरलं की तारीख चुकते.

आता प्रत्यक्ष जागेवर बसवणं. क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमधलं जिओरेफरन्सर (जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवणारं साधन) पुरतं. संदर्भबिंदू घेताना फुटपाथची कड घेऊ नका, प्लॉटच्या हद्दी जुळतात तो कोपरा घ्या. सहा ते आठ बिंदू शीटभर पसरून घ्यावेत आणि रूपांतर हेल्मर्ट ठेवावं, ते नकाशा फक्त सरकवतं, फिरवतं आणि सारख्या प्रमाणात लहानमोठा करतं. थिन प्लेट स्प्लाइन नको: ते नकाशा हवा तसा ताणून प्रत्येक बिंदू जुळवून दाखवतं आणि चुकीचा बिंदू लपून जातो. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम झोन १८ उत्तर ठेवा. ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये सपाट माप घेतलं तर ब्रुकलिनच्या अक्षांशावर ९० फुटांचे जवळपास ११९ फूट दिसतात, आणि मग अपुरी जागाही ‘इथं मैदान मावतं’ म्हणून धरली जाते.

बेसमधलं अंतर ९० फूट, होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत १२७ फुटांहून थोडं जास्त. सॅनबॉर्नचं नेहमीचं प्रमाण इंचाला ५० फूट, म्हणजे कागदावर १.८ इंच आणि सुमारे २.५५ इंच. पातळ प्लास्टिकवर तेवढा चौकोन कापून स्टँडच्या कोनात ठेवून बघा. शहराच्या कडेच्या शीटवर प्रमाण इंचाला १०० फूटही असतं, तेव्हा आधी शीटवरची मोजपट्टी वाचा. पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) होम प्लेटपासूनचं अंतर मात्र सालाप्रमाणे घ्यावं: १८८१ ते १८९२ पर्यंत ५० फूट, त्याआधी ४५.

ब्रुकलिनच्याच वॉशिंग्टन पार्क या मैदानावर ही पद्धत छान उतरते. १८८३ चं पहिलं मैदान चौथ्या आणि पाचव्या ॲव्हेन्यूंच्या मध्ये, तिसऱ्या आणि पाचव्या स्ट्रीटच्या दरम्यान होतं. १८८९ मध्ये तिथला स्टँड जळाला आणि पुन्हा बांधला, म्हणून आगीच्या आधीची आणि नंतरची शीट मिसळू नयेत. तिसऱ्या ॲव्हेन्यूवर आज उभी असलेली जुनी भिंत दाखवून ‘हेच ते’ म्हणणारे बरेच आहेत. ती त्याच नावाच्या पुढच्या मैदानाच्या जागेवर आहे, जिथं १८९८ पासून खेळ सुरू झाला.

कागदावर आखलेला रस्ता खरोखर खुला झाला होता का, हे सॅनबॉर्नमध्ये कधी कधी कळत नाही. मॅनहॅटनमधलं पहिलं पोलो ग्राउंड्स ११० ते ११२ व्या स्ट्रीटपर्यंत पसरलं होतं, कारण मधला १११ वा तिथून काढलेलाच नव्हता. १८८९ मध्ये तो काढायला घेतला आणि मैदान गेलं. असा संशय आला की त्या सालचे रस्ते उघडल्याचे पालिकेचे ठराव काढून बघावेत.