म्यानमारविषयीचे ठराव आणि संयुक्त राष्ट्रांचे डिजिटल ग्रंथालय

म्यानमारच्या लष्करी राजवटीवर लोकशाहीसाठी जगाने नेमका किती दबाव आणला, हे मुळातून तपासायचे असेल तर संयुक्त राष्ट्रांचे मोफत डिजिटल ग्रंथालय अवश्य वापरावे. १८ जून २०२१ च्या आमसभेच्या ठरावावर प्रत्येक देशाने दिलेले मत तेथे नावानिशी दिसते. बाजूने ११९, विरोधात १ आणि तटस्थ ३६, ज्यांत भारतही आहे, हे वाचून मन खिन्न होते. सुरक्षा परिषदेचा डिसेंबर २०२२ मधील ठराव क्रमांक २६६९ तर शब्दन्‌शब्द वाचावा, कारण हिंसाचार तत्काळ थांबवण्याची मागणी आणि आंग सान सू ची यांच्यासह कैद्यांच्या सुटकेचे आवाहन त्यात असले, तरी निर्बंधांची तरतूद कोठेही नाही. मराठी किंवा हिंदी अनुवाद मात्र मिळत नाहीत.