सिग्नल : बातमीच्या स्रोतासाठी कितपत भरवशाचे?

संदेशांच्या अ‍ॅपचे परीक्षण करताना ते किती जलद चालते, कॉलचा आवाज कसा येतो, गटात किती जण घेता येतात, हे सहसा पाहिले जाते. बातमीदाराच्या दृष्टीने यातले काहीच फारसे महत्त्वाचे नाही. ज्याने नोकरी पणाला लावून कागद दाखवला त्याचे नाव पोलिसांची नोटीस हातात पडल्यावरही आपल्यापाशीच राहील का, या एकाच कसोटीवर मी ‘सिग्नल’ वापरत आलो आहे आणि हे परीक्षणही त्या कसोटीपुरतेच आहे. मत आधीच सांगून टाकतो : अ‍ॅप म्हणून ते उत्तम आहे, मात्र भारतात त्याच्या पाठीशी कायदा उभा नसल्यामुळे ते कसे लावून ठेवले आहे यावरच त्याचे बरेचसे मोल ठरते.

कायद्याबाबत खुद्द बातमीदारांमध्येच मोठा गैरसमज आहे. ‘स्रोत सांगायला आम्ही बांधील नाही’ असे आपण ठणकावून सांगतो, तेव्हा आपल्या मनात बहुधा १९७८ चा प्रेस कौन्सिल कायदा असतो. त्याच्या कलम १५(२) मध्ये वृत्तपत्राला, संपादकाला किंवा पत्रकाराला बातमीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले आहे खरे, परंतु ते संरक्षण प्रेस कौन्सिलपुढे चालणाऱ्या चौकशीपुरतेच आहे; न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात ते कलम दाखवून काही साधत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विधी आयोगाने १९८३ च्या आपल्या ९३व्या अहवालात पुरावा कायद्यात १३२-अ हे नवे कलम घालण्याची शिफारस केली होती. ती शिफारस कागदावरच राहिली. पुढे पुरावा कायदाच नव्याने लिहिला गेला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, तरी त्यातही पत्रकाराला जागा मिळाली नाही. पती-पत्नींमधील बोलणे त्यात संरक्षित आहे, वकील आणि अशील यांच्यातील बोलणे संरक्षित आहे, आणि गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही, असेही कलम १३१ सांगते. म्हणजे फौजदाराच्या खबऱ्याला कायद्याचे छत्र आहे आणि बातमीदाराच्या खबऱ्याला नाही. हे कलम वाचताना पहिल्यांदा गंमत वाटते, नंतर वाटेनाशी होते.

महाराष्ट्राने २०१७ साली प्रसारमाध्यमांतील व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्याचाही उल्लेख अशा वेळी होतो. तो मारहाण आणि मालमत्तेच्या नुकसानीपुरता आहे. स्रोताच्या गुप्ततेशी त्याचा संबंध नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात प्रसिद्धीसाठी पाठवलेले वृत्तसंदेश अडवू नयेत अशी तरतूद आहे, पण ती केंद्र किंवा राज्य सरकारची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून सरकारी मान्यता, असलेल्या बातमीदारांपुरती आहे. तालुक्याच्या ठिकाणी मानधनावर काम करणाऱ्या किती जणांकडे अधिस्वीकृती पत्रिका असते, हे या व्यवसायातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

न्यायालयांनी मात्र दोन्ही सूर लावले आहेत. फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या ‘पेगासस’ या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या आदेशात पत्रकारांच्या स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्र स्वातंत्र्याची एक मूलभूत अट आहे, असे स्पष्ट म्हटले. त्यानंतर सव्वा वर्षाच्या आतच, जानेवारी २०२३ मध्ये, दिल्लीतील एका न्यायालयाने सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल फेटाळताना, तपास यंत्रणेला स्रोत न सांगण्याची कोणतीही वैधानिक सूट भारतात पत्रकारांना नाही, असे नोंदवले. दुर्दैवाने ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत : पहिले तत्त्व आहे, दुसरी वस्तुस्थिती.

या वस्तुस्थितीचे व्यवहारातले रूप म्हणजे नोटीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तपास अधिकारी आता कागदपत्रेच नव्हे, तर डिजिटल पुरावा असण्याची शक्यता असलेले उपकरणही हजर करण्यास सांगू शकतो. साक्षीदार म्हणून बोलावले तर स्वतःला गुन्ह्यात गोवणारी उत्तरे सोडून बाकी सर्व प्रश्नांची खरी उत्तरे देणे बंधनकारक असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण आरोपीला आहे. बातमीदार बहुतेक वेळा आरोपी नसतो, साक्षीदार असतो, आणि म्हणून त्या संरक्षणाच्या बाहेर असतो. फोनचा पासवर्ड देण्याच्या सक्तीबद्दलही एकवाक्यता नाही : कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे असे ठरवले, तर दिल्लीतील विशेष सीबीआय न्यायालयाने पुढच्याच वर्षी उलट मत दिले. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये आरोपी नसलेल्या पत्रकाराचा फोन कायदेशीर पद्धत डावलून जप्त करता येणार नाही असे बजावले, हा त्यातला दिलासा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपकरणांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक तत्त्वे हवीत असे सांगितले, आणि तूर्त सीबीआयच्या नियमपुस्तिकेप्रमाणे चालू, असे केंद्राने डिसेंबरमध्ये कळवले. स्रोताचे भवितव्य तपास यंत्रणेच्याच नियमपुस्तिकेवर सोपवणे, हा दिलासा म्हणावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता अ‍ॅपकडे वळतो. पहिला प्रश्न असा की, पोलीस कंपनीकडे गेले तर त्यांच्या हाती काय लागेल? या बाबतीत ‘सिग्नल’ला पूर्ण गुण द्यावे लागतात. २०१६ साली अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) या कंपनीला माहिती मागणारा हुकूम बजावला, तेव्हा कंपनीला दोनच गोष्टी देता आल्या : खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले होते. कोण कोणाशी बोलले, कोणत्या गटात आहे, संपर्कयादीत कोण आहे, यातले काहीही तिच्याकडे साठवलेले नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूरही ‘सिग्नल’सारखाच कुलूपबंद असतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाच वाचता येत नाही, हे मान्य, परंतु खात्याभोवतीची माहिती तिकडे अधिक साठते आणि गप्पांचा बॅकअप वेगळे कुलूप लावल्याखेरीज ‘क्लाउड’वर, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात, उघडा पडून राहू शकतो. अनेकांच्या फोनवर ते कुलूप लावलेले नसते. स्रोताच्या बाबतीत ‘कोण कोणाशी किती वाजता बोलले’ ही माहिती मजकुराइतकीच घातक असते, कारण बातमी छापून आल्यावर कार्यालयातला वरिष्ठ मजकूर शोधत नाही, नाव शोधतो.

दुसरा प्रश्न आपल्याकडे अधिक खरा आहे. पोलीस कंपनीकडे जातच नाहीत, ते घरी येतात. फोन उघडा हाती लागला की कितीही भक्कम कुलूप असले तरी संदेश आपल्या पडद्यावर जसे दिसतात तसेच त्यांच्याही पडद्यावर दिसतात. येथे अ‍ॅपची संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय कामास येते. काही सेकंदांपासून चार आठवड्यांपर्यंतची मुदत ठरवता येते आणि नवीन प्रत्येक संभाषणाला ती आपोआप लागू होईल असेही करता येते. माझ्या मते बातमीदाराने अ‍ॅप घेतल्याच्या दिवशीच ही मुदत एक आठवड्यावर लावून टाकावी आणि तिला हात लावू नये. ‘घेतल्याच्या दिवशी’ हे शब्द मी मुद्दाम वापरत आहे. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, आणि नोटीस आल्यानंतर घाईघाईने पुसलेल्या संभाषणाकडे त्याच नजरेने पाहिले जाईल. अगोदरपासूनची सर्वसाधारण सवय आणि नोटिशीनंतरची धावपळ यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

या सोयीची दुसरी बाजू अ‍ॅपची स्तुती करणारे सहसा सांगत नाहीत. अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला तर बातमी खरी होती आणि लोकहिताची होती हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो. आठवड्यापूर्वीचे संदेश नाहीसे झालेले असतील तर दाखवणार काय? स्रोत वाचवणारी सोयच बातमीदाराचा बचाव खाऊन टाकते. यावर आमच्या व्यवसायातली जुनी वाट अजूनही चांगली आहे : स्रोताने दाखवलेल्या कागदावरून फाईलचा क्रमांक आणि तारीख टिपून घ्यायची, मग तोच कागद माहितीच्या अधिकारात रीतसर मागायचा आणि बातमी त्या शिक्क्याच्या प्रतीवर उभी करायची. अर्जात नेमका तोच क्रमांक लिहिला तर चाणाक्ष माहिती अधिकाऱ्याला सुगावा लागतो, म्हणून सहा महिन्यांतील त्या विषयाची सर्व कागदपत्रे मागणे बरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केल्यामुळे ही वाटही आता अरुंद झाली आहे. शिवाय त्या कायद्याच्या आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेसाठी असलेली सूट अंतिम कायद्यात उरलेली नाही.

छायाचित्रांच्या बाबतीत अ‍ॅप चांगले आहे, पण माणूस कमी पडतो. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रात दडलेली स्थळ-वेळेची माहिती ‘सिग्नल’ काढून टाकते. तेच चित्र फाईल म्हणून जोडले तर तो भरवसा धरू नये. चेहरे किंवा मजकूर धूसर करण्याची सोय २०२० पासून आहे, तरी नावावर धूसर पट्टा फिरवण्यापेक्षा तो भाग कापूनच टाकावा असे मी सुचवीन. कोणतेही अ‍ॅप झाकू शकत नाही ती गोष्ट कागदावरच असते. समजा, बांधकाम विभागातल्या निविदेच्या टिपणीचा फोटो आला आहे. खाली कनिष्ठ सहायकाची लघुस्वाक्षरी आहे, कक्ष अधिकाऱ्याची आहे, आणि कार्यकारी अभियंत्याची जागा अजून कोरी आहे. तो फोटो जसाच्या तसा छापला, तर फाईल कोणत्या दोन दिवसांत कोणत्या टेबलावर होती हे त्या कार्यालयातला शिपाईसुद्धा सांगेल. ‘साहेब, माझं नाव कुठं येणार नाही ना?’ असे विचारणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडण्यासाठी फोन जप्त व्हावाच लागतो असे नाही.

दोष थोडक्यात सांगतो. खाते उघडण्यासाठी मोबाइल क्रमांक अजूनही लागतो, आणि आपल्याकडे प्रत्येक सिमकार्डामागे ओळखपत्र असते. फेब्रुवारी २०२४ पासून वापरनाव घेता येते आणि क्रमांक समोरच्यापासून लपवता येतो, पण ‘क्रमांकावरून मला कोणी शोधू नये’ हे बटण वेगळे दाबावे लागते. सूचनापट्टीवर नाव आणि मजकूर दोन्ही झळकतात, ते बंद करावेत. चहाच्या टपरीवर टेबलावर ठेवलेला फोन हीही एक जप्तीच असते. कार्यालयाच्या संगणकावर अ‍ॅप जोडण्याचा मोह टाळावा, कारण उद्या तो संगणक गेला तर आपली संभाषणेही त्याच्याबरोबर जातील. पेगासससारखे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरले असेल तर येथले कुलूप निरुपयोगी आहे. आणि चुकीच्या माणसाला गटात घेतले तर काय होते हे मार्च २०२५ मध्ये जगाने पाहिले : येमेनवरील हल्ल्याची चर्चा करणाऱ्या अमेरिकी मंत्र्यांच्या ‘सिग्नल’ गटात चुकून एका नियतकालिकाच्या संपादकालाच घेण्यात आले होते. संवेदनशील संभाषणासाठी गट करूच नये, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याचा सुरक्षा क्रमांक (समोर तोच माणूस आहे याची खात्री करण्यासाठी दोघांच्या फोनवर दिसणारा आकडा) एकदा समोरासमोर भेटून जुळवून घ्यावा.

अ‍ॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि ते चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही. कमी जोडणीच्या भागात फोटो जायला वेळ लागतो, एवढीच माझी तक्रार.

मी ते कोणत्या लोकांना सुचवणार नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या कार्यालयात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, तेथे एखाद्या लिपिकाच्या फोनवर अचानक ‘सिग्नल’चे निळे चिन्ह दिसणे हीच एक बातमी होते, आणि संपर्कयादीत त्याचा क्रमांक असलेल्या सहकाऱ्याला तो या अ‍ॅपवर आल्याचे कळूही शकते. कार्यालयाने दिलेल्या फोनवर तर ते घेऊच नये. अशा स्रोताला मी अ‍ॅप घ्यायला सांगत नाही. त्याला आठवडी बाजाराच्या दिवशी भेटतो, फोन घरी ठेवतो आणि फाईलचा क्रमांक वहीत लिहून घेतो, त्याचे नाव लिहीत नाही.