पिकअपचं नाक उचललं: स्पेसर बसवून एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सुरुवातीलाच सांगतो, स्पेसर (पुढची उंची वाढवायला सस्पेन्शनमध्ये घालायची जाड चकती) लावून पिकअप पूर्ण सपाट करू नका. मागचा भाग थोडा उंच राहिलाच पाहिजे.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, 2.5 लिटरची. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). रिकामी उभी असली की नाक खाली आणि शेपूट वर दिसते. हा दोष नाही. हौद्यात माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सरळ होते, त्या हिशेबानेच ती तशी बनवलेली असते. माझ्या गाडीचा फूटबोर्ड मोजला तेव्हा पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण 45 मिमी खाली होतं. माणगावजवळ आमची थोडी जमीन आहे. तिकडच्या कच्च्या रस्त्यावर पुढचं बंपर आधी घासायचं, मागे मात्र भरपूर जागा. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ऐरोलीला घरासमोरच्या मोकळ्या जागेत मी आणि मेव्हण्याने मिळून स्पेसर बसवले. आता गणपती होऊन गेले, मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहितोय.

स्पेसर दोन प्रकारचे येतात आणि फरक कळल्याशिवाय खरेदी करू नये. एक स्प्रिंगच्या डोक्यावर, आतल्या बाजूला बसतो. त्यासाठी स्प्रिंग दाबून स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा एकत्र जोड) उघडावा लागतो. शिवाय शॉकची लांबी तीच राहत असल्याने चाक खाली लोंबकळायची जागा कमी होते आणि स्पीडब्रेकर उतरताना ठक् आवाज येऊ लागतो. दुसरा स्ट्रटच्या वरच्या माउंटवर, बाहेरून बसतो. यात स्प्रिंगला हात लागत नाही. घरी करायचं तर हाच. स्ट्रटच्या अगदी मधला नट मात्र कुणी काहीही म्हटलं तरी सैल करायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्याच एका नटावर थांबलेली असते आणि सुटली तर जीव घेऊ शकते.

जाडीचा हिशेबही नीट समजून घ्या. स्ट्रट लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे चाकाजवळ गाडी स्पेसरच्या जाडीच्या जवळपास दुप्पट उचलली जाते. दुकानदार 'एक इंची' म्हणाला तर जाडी एक इंच की उंची एक इंच, हे आधी विचारा. मी 15 मिमी जाडीचे घेतले. नाक सुमारे 30 मिमी वर आलं आणि मागचा भाग थोडा उंच मुद्दाम ठेवला. उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा.

कामाला आम्हाला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागला. जॅकवर विसंबून आत शिरायचं नाही, चासीखाली दोन्ही बाजूंना स्टँड हवेतच. अँटी-रोल बारची (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक दोन्हीकडची सोडली की आर्म मोकळा खाली येतो, एकाच बाजूची सोडली तर बार ताण देत राहतो. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप लोंबता ठेवू नका, तारेने बांधा. लोअर आर्मचे बोल्ट सोडावे लागले तर ते चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन पडल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत आवळले की रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. गॅरेजमध्येही ही गोष्ट बऱ्याचदा पाळली जात नाही, म्हणून समोर उभं राहून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्भ्याला व्हील अलाइनमेंट केलं. उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली) बदलतो, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा तिरकेपणा) बदलतो, कॅस्टरही (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा कल) थोडा कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला आळस करतं. अलाइनमेंटनंतर पाम बीच रोडवर वेगात गाडी सरळ धावते, हात सैल सोडला तरी ओढत नाही.

हेडलाइटबद्दल जास्त कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 3,095 मिमी. नाक 30 मिमी वर गेलं म्हणजे जवळपास 1 टक्क्याचा चढ झाला. दहा मीटरवर झोत 10 सेंटीमीटर वर, पंचवीस मीटरवर 25 सेंटीमीटर. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जायला एवढं पुरेसं आहे. भिंतीवर आधी खूण करून ठेवली होती, त्या खुणेवर स्क्रूने झोत परत आणला. हौद्यात माल असेल तर झोत आणखी वर जातो. गाडी पूर्ण सपाट करू नका म्हणतो त्याचं मुख्य कारण हेच. सपाट गाडीत चिऱ्याचे दगड भरले की मागचा भाग बसतो, नाक आभाळाकडे जातं, पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंगची पकड कमी होते.

पावसाळ्यात काय झालं? पेणच्या पुढच्या खड्ड्यांत बंपर घासणं थांबलं. कच्च्या उतारावरून शेतात उतरताना आता मनात धाकधूक नसते. आराम मात्र वाढलेला नाही, स्प्रिंग आणि शॉक तेच आहेत, फक्त खाली ढकललेत. उलट चाक पूर्ण लोंबकळलं की ड्राइव्हशाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) आणि वरचा बॉल जॉइंट पूर्वीपेक्षा जास्त वाकतात. म्हणून दर सर्व्हिसला सीव्ही जॉइंटचे (ड्राइव्हशाफ्टचा वाकणारा सांधा) रबरी बूट टॉर्च मारून बघतो. अजून ग्रीस कुठे दिसलेलं नाही. 30 मिमीत हे निभावतं, याच्या दुप्पट उंचीवर मी माझी फोर-बाय-फोर गाडी नेणार नाही.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल, दोन्हीचा रोख असा की नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. स्पेसर छोटा असला तरी प्रश्न विचारला जाऊ शकतो. मी विमा कंपनीला लेखी कळवलंय आणि जुने नट-बोल्ट जपून ठेवलेत, म्हणजे गरज पडली तर एका दिवसात गाडी मूळ उंचीवर आणता येईल.

तुमच्या हौद्यात कायमच वजन असेल तर पुढे हात लावूच नका. माल भरल्यावर गाडी तशीही सरळ होते. आणि पुढे टॉर्शन बार (कॉइल स्प्रिंगऐवजी पिळून काम करणारा दांडा) असलेली जुनी पिकअप असेल तर स्पेसर लागतच नाही. बारचा ॲडजस्टिंग बोल्ट दोन्हीकडे सारखा थोडा थोडा फिरवून उंची मिळते, अलाइनमेंट आणि हेडलाइटचं काम मात्र तिथेही करावंच लागतं.